पाती वाढली, दाढी तीच: रेझर निवडण्यापासून तुरटीपर्यंत

दाढी नीट होत नाही म्हटलं की माणूस रेझर बदलतो. दोन पात्यांचा असेल तर तीनचा आणतो, तीनचा असेल तर पाचचा. गळ्यावरची आग मात्र जागची हलत नाही, कारण कोरडे केस, चुकलेला कोन आणि हाताचा दाब या तिन्ही गोष्टी नव्या रेझरसोबत बदलत नाहीत. म्हणून आधी रेझर ओळखून घ्या, मग पाणी आणि फेस, आणि मग हात. नव्वद टक्के दाढी फेसातच होते, असं जुने कारागीर म्हणतात, त्यात तथ्य आहे.

पाती वाढत कशी गेली

किंग कॅम्प जिलेट यांनी बदलत्या पात्याच्या रेझरसाठी पेटंटचा अर्ज १९०१ मध्ये केला. विक्री १९०३ मध्ये सुरू झाली आणि त्या वर्षी ५१ रेझर नि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला. कागदासारख्या पातळ पोलादाला कडकपणा आणि धार देणं तेव्हा अशक्य मानलं जायचं. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते यंत्रावर जमवून दाखवलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले गेले. विषारी वायूपासून वाचवणारा मास्क चेहऱ्याला घट्ट बसायचा तर दाढी नको, हे त्यामागचं एक कारण. सैनिक घरी परतले ते रोज दाढी करायची सवय घेऊनच.

जिलेट यांचं ते दुधारी, म्हणजे दोन्ही कडांना धार असलेलं, पातं आजही जवळपास तसंच आहे. जाडी ०.१ मिलिमीटर, रुंदी २२ मिलिमीटर. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वॉर्ड या कंपनीने स्टेनलेस पातं बाजारात आणलं आणि दोन दिवसांत गंजणारी कार्बन पोलादाची पाती मागे पडली. आपल्या ठाण्याचाही या धंद्याशी जुना संबंध आहे. सुपरमॅक्स पाती बनवणाऱ्या विद्युत मेटॅलिक्सचा कारखाना इथेच होता.

खरी चढाओढ १९७१ मध्ये जिलेटच्या दोन पात्यांच्या ट्रॅक टू पासून सुरू झाली. १९७७ मध्ये रेझरचं डोकं हलायला लागलं, १९९० च्या सेन्सरमध्ये प्रत्येक पात्याखाली स्प्रिंग आली, १९९८ मध्ये तीन पात्यांचा मॅक थ्री, २००३ मध्ये शिक या दुसऱ्या कंपनीचा चार पात्यांचा क्वाट्रो, २००६ मध्ये जिलेटचा पाच पात्यांचा फ्यूजन. दक्षिण कोरियाची डॉर्को तर सातवर जाऊन पोचली.

दुसरं पातं काय करतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. पहिलं पातं केस कापतं आणि कापता कापता त्याला मुळातून किंचित बाहेर ओढतं. केस परत आत जायच्या आधी मागचं पातं त्याला आणखी खाली छाटतं. उरलेला खुंट मग त्वचेच्या पातळीखाली जातो. केस सरळ असतील तर गाल गुळगुळीत लागतो आणि संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. केस कुरळे किंवा गळ्यावर वेडेवाकडे उगवणारे असतील तर तोच खुंट वर येताना त्वचेत घुसतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाल पुटकुळी दिसते. म्हणजे जास्त पाती ही सगळ्यांसाठी सुधारणा नाही. ती काही चेहऱ्यांसाठी सुधारणा आहे.

याच्या उलट दिशेचा एक रेझरही आहे, आणि तो भारतासाठीच बनला. २०१० मध्ये आलेला जिलेट गार्ड एका पात्याचा आहे. तेव्हा रेझर १५ रुपयांना आणि कार्ट्रिज, म्हणजे पात्यासकट बदलायचं डोकं, ५ रुपयांना होतं. आपल्याकडे अनेक जण वाहत्या नळाखाली नाही, तर मगातल्या पाण्यात रेझर बुडवून दाढी करतात. दाटीवाटीच्या पात्यांत अडकलेले केस मगात निघत नाहीत, म्हणून त्यात पात्यामागे मोठी मोकळी जागा ठेवली. पाणी बंद असलेल्या दिवशी मगभर पाण्यात दाढी उरकणाऱ्याला या जागेचं मोल लगेच कळतं.

कोणता रेझर घ्यावा

सरळ केस, नाजूक नसलेली त्वचा आणि सकाळी हातात पाचच मिनिटं असतील तर दोन किंवा तीन पात्यांचं कार्ट्रिज पुरे. त्यापुढच्या पात्यांनी फरक पडतो तो मुख्यतः खर्चात.

गळ्यावर पुटकुळ्या येत असतील, केस राठ असतील, किंवा दर महिन्याचा खर्च खटकत असेल तर दुधारी पात्याचा रेझर घ्या. पाच पात्यांच्या एका कार्ट्रिजच्या पैशांत साध्या पात्यांची कितीतरी पाकिटं येतात. सुरुवातीला बंद कंगव्याचा, म्हणजे पात्याखालची पट्टी दातेरी नसून सलग असलेला रेझर बरा. वजन ८० ते १०० ग्रॅम असावं. वजनदार रेझर स्वतःच्या भाराने चालतो, त्यामुळे हात दाबायला जात नाही.

सगळ्या कंपन्यांची पाती एकसारखी नसतात. एक पातं एकाला मऊ लागतं, दुसऱ्याला ओढतं. म्हणून ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या घाऊक दुकानातून शंभराचा खोका उचलण्याआधी तीन-चार कंपन्यांची पाच-पाचची पाकिटं आणा. प्रत्येक जातीला किमान दोन दाढ्यांची संधी द्या आणि मगच ठरवा.

इलेक्ट्रिक शेव्हरचं गणित वेगळं. जाळीचा शेव्हर रोज दाढी करणाऱ्यासाठी चांगला, तीन गोल डोक्यांचा एक-दोन दिवस वाढलेल्या दाढीसाठी. दोन्ही कोरड्या चेहऱ्यावर, आंघोळीच्या आधी वापरायचे. जूनपासून पुढे आपल्याकडची हवा इतकी दमट असते की त्वचा चिकट होऊन शेव्हर अडकतो. अशा वेळी थोडी टाल्कम पावडर लावा. त्वचेला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, त्याआधी मत बनवू नका. ट्रिमर दाढी साफ करत नाही, अर्धा-एक मिलिमीटर ठेवतो, आणि पुटकुळ्यांवर तोच सगळ्यात सुरक्षित उपाय आहे.

पाणी: अर्धा दोष इथेच असतो

ओला केस कोरड्यापेक्षा खूपच मऊ असतो. पाणी आत शिरलं की केसातल्या केरॅटिन या प्रथिनाचे हायड्रोजन बंध सैल होतात. त्याला वेळ लागतो, साधारण दोन ते तीन मिनिटं. चेहऱ्यावरचं तेल मात्र पाण्याला आत जाऊ देत नाही, म्हणून आधी साबण किंवा फेसवॉश. आंघोळीनंतर लगेच दाढी केली तर हे काम आपोआप झालेलं असतं.

केस इतका मऊ आणि पातं पोलादाचं, तरी धार का जाते? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिलं. धार झिजून जाण्यापेक्षा केस विशिष्ट कोनातून आदळल्यावर तिचे अतिसूक्ष्म टवके उडतात. केस कोरडा आणि ताठ असेल तर धारेवरचा ताण वाढतो. म्हणजे दोन मिनिटं केस भिजवले की त्वचेसोबत पातंही टिकतं. पातं जीन्सवर घासून धार परत आणायचा उपाय लोक करतात, पण उडालेला टवका त्याने भरून येत नाही.

आता जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याचं. मोरबे धरणाचं नवी मुंबईतलं पाणी किंवा ठाण्यात येणारं नदीचं पाणी फेसाला चांगलं आहे. अडचण येते ती घोडबंदर रोडसारख्या भागात, जिथे सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी चढतं. त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा पांढरा मळ तयार करतं. क्रीम कितीही घ्या, फेस उभा राहत नाही आणि अर्ध्या मिनिटात बसतो. बेसिनवर पांढरे डाग पडत असतील तर हाच प्रकार समजा. उपाय साधा आहे. फेस करण्यापुरतं अर्धी वाटी आरओ प्युरिफायरचं पाणी कोमट करून घ्या. रेझर धुवायला नळाचं चालेल. डब्यातल्या फोममध्ये पाणी कारखान्यातच मिसळलेलं असतं, त्यामुळे त्याला जड पाण्याचा त्रास कमी होतो. पण तो डबा ओल्या फरशीवर ठेवू नका, तळाचा गंज फरशीवर कायमचा उमटतो.

फेस

ब्रश कोमट पाण्यात दोन मिनिटं बुडवा. काढून दोनदा झटका. बदामाएवढं क्रीम ब्रशच्या मधोमध घ्या आणि थेट ओल्या चेहऱ्यावर गोल फिरवायला सुरुवात करा. पहिली वीस-तीस सेकंद पांढरं, जाडसर, पेस्टसारखं काहीतरी होईल. इथेच बहुतेक जण थांबतात आणि इथेच चुकतात. ब्रशचं टोक पाण्यात टेकवा, पुन्हा फिरवा. असं तीन-चार वेळा. फेसावर दह्याच्या वरच्या थरासारखी चमक आली आणि बोटावर घेऊन चिमटीत घासल्यावर तो निसरडा लागला की झाला. डोळ्यांना मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालंय, थोडं क्रीम वाढवा. रेझरवर फेस चिकटून राहिला, पाण्यात बुडवूनही सुटला नाही, तर पाणी कमी. जाड फेस म्हणजे चांगला फेस हा गैरसमज आहे. पातं घसरतं ते पाण्यामुळे.

ब्रश वापरून झाल्यावर धुवा, झटका आणि केस खाली करून टांगा. पावसाळ्यात बंद बाथरूममध्ये ठेवलेल्या ब्रशच्या मुळाशी बुरशी धरते. त्याला खिडकीपाशी जागा द्या.

पातं बसवणं आणि कोन

तीन भागांच्या रेझरमध्ये टोपी, पट्टी आणि मूठ असते. टोपी उलटी हातात धरा, पातं आखूड कडांना पकडून तिच्या खुंट्यांवर ठेवा, वर पट्टी, मग मूठ फिरवा. आता रेझर डोळ्यांसमोर आडवा धरून दोन्ही बाजूंना पातं सारखंच बाहेर डोकावतंय का ते बघा. एका बाजूला जास्त दिसत असेल तर सैल करा, पातं हलकेच सरळ करा, पुन्हा आवळा. एकाच गालावर नेहमी कापत असेल तर कारण बहुधा हेच. मूठ बोटांच्या जोराने घट्ट होईल इतकीच फिरवा. स्वस्त रेझरांचं डोकं जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, त्याचे आटे जास्त आवळल्याने तुटतात.

कोन शोधायची रीत अशी. मूठ चेहऱ्याशी काटकोनात धरून टोपी गालावर टेकवा. या स्थितीत पातं त्वचेला लागतच नाही. आता टोपी जागेवर ठेवून मूठ हळूहळू खाली आणा. एका क्षणी पातं केसाला लागल्याचं जाणवतं आणि बारीक करकर ऐकू येते. तिथे थांबा. तो कोन सुमारे ३० अंशांचा असतो. गालावर हे जमतं, पण जबड्याच्या कडेला वळण आलं की मनगटही वळवावं लागतं. कार्ट्रिजचं डोकं हे काम स्वतः करतं, म्हणूनच ते घाईत बरं पडतं. कार्ट्रिजवरून दुधारीवर आलेला माणूस कापून घेतो तो दाबायच्या सवयीमुळे. मूठ टोकाकडे, तीन बोटांत हलकी धरली तर दाब आपोआप कमी होतो.

हात कसा चालवायचा

आदल्या दिवशी दाढी न करता, कोरड्या चेहऱ्यावर बोट फिरवून बघा. ज्या दिशेने बोट सरळ जातं ती सुलट, खरखरतं ती उलट. गालावर केस बहुधा खाली जातात. गळ्यावर मात्र भलतंच असू शकतं. कंठाच्या एका बाजूला आडवे, दुसऱ्या बाजूला खालून वर. हे एकदा नीट पाहून ठेवा, कारण गळ्यावरची बहुतेक आग ‘वरून खाली म्हणजे सुलट’ असं गृहीत धरल्याने होते.

सुरुवात गालापासून, मग जबडा, मग गळा. ओठांवरचा भाग आणि हनुवटी शेवटी, कारण तिथले केस सगळ्यात जाड आणि त्यांना भिजायला जास्त वेळ मिळायला हवा. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरचाच हात मारा, दोन-तीन हातांनंतर रेझर धुवा. नळ सुरू ठेवायची गरज नाही, मगात हलवला तरी पुरतं. फेस निघून गेलेल्या जागी पुन्हा रेझर फिरवायचा नाही. राहिलं असेल तर आधी ब्रश, मग रेझर.

पहिला हात सुलट. पुन्हा फेस लावून दुसरा आडवा. ऑफिससाठी एवढं पुष्कळ झालं. तिसरा, उलटा हात ज्यांच्या त्वचेला सोसतो त्यांनीच, आणि गळा सोडून. मोकळ्या हाताने त्वचा ताणावी असं सगळीकडे सांगतात. सरळ केसांना ते ठीक आहे. पुटकुळ्या येणाऱ्यांनी ताणू नये, कारण ताणलेली त्वचा सोडली की खुंट आत जातो आणि एका पात्याने साधलेलं सगळं वाया जातं.

पातं केस ओढतंय असं वाटलं की टाका. दुधारी पातं साधारण चार-पाच दाढ्या जातं, राठ केसांना तीनच. धुऊन झटकायचं, टॉवेलने धार पुसायची नाही.

दाढीनंतर

आधी गार पाणी. मग तुरटीचा खडा ओला करून हलक्या हाताने फिरवा, एक मिनिट थांबा आणि धुऊन टाका. धुवायचं बरेच जण विसरतात. तुरटी वाळून राहिली की त्वचा ताणते आणि घाम आल्यावर खाज सुटते. तुरटी जिथे जोरात झोंबते तिथे दाब जास्त पडलाय, ही उद्यासाठीची खूण. कापलं असेल तर कागदी रुमालाने दोन-तीन मिनिटं सलग दाबून धरा. मध्येच उचलून बघितलं तर रक्त पुन्हा सुरू होतं.

मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ताजी दाढी करून थेट ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत शिरलं की गळाभर चुरचुर होते. शक्य असेल तर दाढी आणि घराबाहेर पडणं यात अर्धा तास ठेवा, किंवा सरळ रात्री दाढी करा. दुचाकीवाल्यांनी हेल्मेटचा पट्टा आठवड्यातून एकदा धुवावा. जबड्याखालची पुरळ अनेकदा रेझरची नसते, त्या घामट पट्ट्याची असते. दमट हवेत जाड क्रीम नको, पाण्यासारखं हलकं जेल पुरे.

पुटकुळ्यांनी आधीच जोर धरला असेल तर तीन-चार आठवडे रेझर बाजूला ठेवून ट्रिमर चालवा. आत वळलेला केस चिमट्याने उपटू नका. पू धरला, गाठी झाल्या, डाग पडायला लागले की त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

तळोजा किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत घट्ट बसणारा रेस्पिरेटर, म्हणजे श्वासाचा मास्क, लावणाऱ्यांनी दाढी त्याच दिवशी करावी. मास्कची कड जिथे त्वचेला टेकते तिथले खुंट फट ठेवतात आणि वायू तिथून आत येतो. मिशी किंवा फ्रेंच दाढी ठेवायची असेल तर ती कडेच्या आतच राहायला हवी, आणि मास्कच्या झडपेलाही लागायला नको.

सलूनमध्ये

सोमवारी बरीच सलून बंद असतात, म्हणून रविवारी गर्दी आणि गर्दीत घाई. तरी एक गोष्ट डोळ्यांसमोर झालीच पाहिजे. कारागीर नवं पातं कागदात असतानाच मधोमध वाकवून मोडतो आणि अर्धं वस्तऱ्यात सरकवतो. उरलेलं अर्धं कागदातच राहायला हवं. पातं आधीच भरलेलं दिसलं तर ‘दादा, नवीन ब्लेड लावा’ एवढं सांगायला संकोच नको, कारण हिपॅटायटिस बी आणि सीसारखे आजार रक्तातून पसरतात. तिथली सामाईक तुरटीही तेवढीच टाळायची. एका खड्यावर दिवसभर किती जणांचं रक्त लागलंय हे कुणालाच माहीत नसतं. स्वतःचा खडा खिशात न्या, नाहीतर तुरटीच्या पाण्याचा फवारा मागा.

वापरलेली पाती

सुटं पातं कचऱ्याच्या पिशवीत टाकलं की ते सोसायटीच्या सफाई कामगाराच्या किंवा कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागतं. पावडरचा रिकामा डबा घ्या, वरच्या बाजूला पातं जाईल एवढी चीर पाडा आणि झाकण चिकटपट्टीने बंद करा. असा डबा एका माणसाला सहज वर्षभर पुरतो. भरल्यावर चीरही बंद करा, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि ओल्या-सुक्यात न मिसळता सफाई कामगाराच्या हातात सांगून द्या. प्रवासाला निघताना हाच नियम वेगळ्या रूपात लागू होतो. विमानात सुटी पाती केबिनच्या बॅगेत चालत नाहीत, ती चेक-इन सामानात टाका.